नाताळ, मुलं आणि शेजारच्या आजी: पण आजींना कुणी विचारलंय का?

एका आईचं पत्र आलंय. नाव देत नाही, आणि कुणाला ओळखू येईल असं जे काही होतं ते काढून टाकलंय. थोडक्यात प्रकरण असं.

यांना दोन मुलं, मुलगी १३ वर्षांची आणि मुलगा ९ चा. शेजारच्या घरात एक आजी एकट्या राहतात, वय पंच्याहत्तरच्या पुढे, आजोबा जाऊन काही वर्षं झाली, मुलगा दुसऱ्या देशात. शाळेने सुट्टीआधी एक प्रोजेक्ट दिला, नाताळनिमित्त कुणासाठी तरी काहीतरी चांगलं करा आणि त्याचा छोटा व्हिडिओ करून आणा. मुलांनी दोन मित्र जमवले आणि आजींचं दार सजवायला गेली. आजींनी "नको रे बाळांनो" म्हणून दार लावून घेतलं. मुलांनी मग हाताने केलेलं कार्ड दाराखालून आत सरकवलं. दोन-तीन दिवसांनी आजींनी स्वतःच हाक मारली आणि माळ्यावरचा एक खोका काढायला लावला. आजोबा असतानाचं सगळं नाताळचं सामान त्यात होतं, काचेचा एकेक गोळा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, गव्हाणीच्या देखाव्यातली छोटी मेंढरं, आणि एक देवदूत ज्याचा पंख कधीतरी तुटून परत चिकटवलेला. धाकट्याने विचारलं हा कसा तुटला, तर आजी अर्धा तास बोलत होत्या. तेव्हापासून शाळा सुटली की मुलं तिकडेच.

आता आईची पंचाईत अशी. नवरा म्हणतो दुसऱ्याच्या घरात रोज मुलं कशाला, काही झालं तर जबाबदारी कुणाची. नाताळच्या दिवशी आमच्याकडे जेवायला या असं मुलांनी आजींना दोनदा सांगितलं, त्या दोन्ही वेळा नाही म्हणाल्या, धाकटा रडला. मध्येच आजींनी दोघांच्या हातात पैशांची पाकिटं दिली. आणि आईला सगळ्यात जास्त टोचणारा प्रश्न हा की जानेवारीत शाळा, क्लास, परीक्षा सुरू होतील, मुलं विसरतील, मग "आजींना सवय लावून सोडून देणं जास्त क्रूर नाही का, त्यापेक्षा आत्तापासूनच जाणं कमी करावं का?"

ताई, तुमच्या पत्रात मिस्टरांना काय वाटतं ते आहे, धाकट्याला काय वाटतं ते आहे, तुम्हाला काय वाटतं, शाळेला काय हवंय, सगळं आहे. आजींना काय हवंय ते फक्त दोन ठिकाणी येतं, एकदा त्यांनी दार लावलं तेव्हा आणि एकदा त्यांनी हाक मारली तेव्हा. मला विचाराल तर तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथेच आहेत. ज्या बाईला नको असताना दार लावता येतं आणि वाटलं की स्वतःहून हाक मारता येते, तिला काय झेपतं, काय झेपत नाही हे तुमच्या-माझ्यापेक्षा तिला नक्कीच जास्त कळतं. तिच्या वतीने आपण चार माणसं बसून निर्णय घेतोय, आणि ती भिंतीपलीकडे आहे, हे जरा गमतीचंच आहे ना.

पत्रात तुम्ही दोन गोष्टी धरून चालला आहात. एक, आजी एकट्या राहतात म्हणजे त्या एकाकी आहेत. दोन, मुलं जातात म्हणजे मुलं देतायत आणि आजी घेतायत. एकटी राहणारी कितीतरी म्हातारी माणसं मजेत असतात हो, त्यांचा दिवस ठरलेला असतो, पेपर, रेडिओ, झाडं, फोन, दुपारची झोप, आणि मध्येच कुणी टपकलं की त्यांची खरं तर अडचणच होते. आणि भरल्या घरात सगळ्यांच्या मध्ये बसून एकाकी असलेली माणसंही तुम्ही पाहिली असतीलच. विषय हलका आहे असं मी म्हणत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा रिपोर्ट ३० जून २०२५ ला आला, त्यात जगातल्या दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा जाणवतो असं म्हटलंय आणि त्याच्याशी जोडलेले मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजारांच्या वर असावेत असा अंदाज दिलाय. ब्रिटनने तर २०१८ साली एका मंत्र्याकडे हेच खातं सोपवलं. पण त्याच रिपोर्टमध्ये एक गोष्ट आहे जी आपल्या डोक्यात सहसा नसते. सगळ्यात जास्त एकाकी म्हातारे नाहीयेत. १३ ते २९ या वयातल्यांमध्ये हे प्रमाण १७ ते २१ टक्के आहे, आणि त्यातही टीनएजर सगळ्यात वर.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्हालाच परत वाचून दाखवते, तुम्ही ते कंसात टाकलंय म्हणून मुद्दाम: "मोठी एरवी खोलीतून बाहेर येत नाही, आजींकडे मात्र तासन्‌तास बसते." ताई, हे कंसात टाकायचं वाक्य नाहीये! १३ वर्षांच्या मुलीला घरात आणि शाळेत दिवसभर काय ऐकू येतं तर अभ्यास झाला का, फोन ठेव, सरळ बस, मार्क किती. आजींकडे तिला यातलं कुणी काही विचारत नसणार. तिथे तिच्या हातात काचेचा एक जुना गोळा येतो, फोडू नकोस असं सांगून पण तरीही हातात देतात, आणि ती गुंडाळी सोडवेपर्यंत आजी काहीतरी सांगत असतात आणि कुणाला घाई नसते. मग इथे कोण कुणाला सोबत करतंय? मला तरी वाटतं दोघी एकमेकींना. त्यामुळे "आजींना सवय लागेल" ही काळजी करताना मुलीचं जाणं कमी केलं तर तिचं काय होईल हेही त्याच तागडीत टाका.

नाताळच्या जेवणाचं बघू. आजी दोनदा नाही म्हणाल्या. धाकट्याला रडू आलं ते साहजिक आहे, त्याने बहुतेक मनात सगळं ठरवूनच टाकलं होतं, आजी कुठे बसणार, त्यांना काय गिफ्ट द्यायचं. पण त्याला हे आत्ताच समजावता येईल की आपण प्रेमाने बोलावलं म्हणून समोरच्याने यायलाच पाहिजे असं नसतं, नाही म्हणणारी आजी आपल्यावर रागावलेली नसते. नऊ वर्षांचा आहे, कळेल त्याला.

आणि नाही म्हणण्याची कारणं काय असतील याचा आपण मोठी माणसं फार भावुक अंदाज लावतो. आजोबांची आठवण, रिकामी खुर्ची वगैरे. तेही असेल, माणूस गेल्यावर सण सगळ्यात जड जातो हे खरंच आहे, आणि ज्या घरात वर्षानुवर्षं नाताळ केला ते घर त्या दिवशी सोडून दुसऱ्याकडे जावंसं वाटत नसेल. पण बरेचदा कारण अगदी साधं आणि सांगायला लाजिरवाणं असतं. बीपीच्या काही गोळ्यांमुळे सारखं बाथरूमला जावं लागतं आणि लोकांच्या घरी ते नको वाटतं. पायऱ्या असतात. दुपारी झोपल्याशिवाय संध्याकाळ निघत नाही. दहा माणसं एकदम बोलायला लागली की काही ऐकू येत नाही आणि मग तीन तास नुसतं हसत मान हलवायची. किंवा त्यांचा मुलगा नेमका त्याच वेळेला फोन करतो आणि तो फोन त्यांना घरी, निवांत, आपल्या खुर्चीत बसून घ्यायचा असतो. यातलं काहीही त्या नऊ वर्षांच्या पोराला सांगणार नाहीत. तुम्हाला कदाचित सांगतील, जर तुम्ही एकट्या गेलात आणि "का नाही" असं न विचारता "त्या दिवशी तुमचं काय असतं?" असं विचारलंत तर.

मग त्यांच्या त्या दिवसात आपली जागा कुठे आहे का ते बघायचं. चर्चला जायचं असेल तर जायला-यायला सोबत लागते का, गाडी लागते का. मुलांनी दुपारी चारला वीस मिनिटं यावं का. की त्या दिवशी कुणीच नको. आणि सगळं २५ तारखेलाच व्हायला पाहिजे हा हट्ट सोडा, नाताळ परंपरेने बारा दिवसांचा असतो, ५ जानेवारीपर्यंत, मग ६ जानेवारीला एपिफनी, ताऱ्यामागून बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचा सण. काही ऑर्थोडॉक्स चर्चचा तर नाताळच ७ जानेवारीला असतो. म्हणजे धाकट्याला त्याचं गिफ्ट द्यायला भरपूर दिवस आहेत, आणि २५ ची गर्दी ओसरल्यावर, जेव्हा सगळ्यांचे फोन येऊन गेलेले असतात, तेव्हाची भेट जास्त लागू पडते असं मला वाटतं.

आता मुलं रोज जातात त्याबद्दल काही अगदी प्रॅक्टिकल गोष्टी, कारण चांगुलपणा सगळीकडे असतो पण हे कुणी सांगत नाही. वयाप्रमाणे ऐकणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीचे, बारीक आवाज जातात, आणि मुलांचे आवाज नेमके तेच असतात. स, श, फ असे उच्चार तर पार पुसट होतात. म्हणून मुलं ओरडून बोलतात, आजींना आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, आणि मुलांना वाटतं आजींना समजत नाही. ओरडू नका, समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा सावकाश, आणि चौघांनी एकदम नाही तर एकेकाने बोला असं मुलांना सांगा, टीव्ही चालू असेल तर विचारून बंद करा. फरक त्याच दिवशी दिसेल. दुसरं म्हणजे ते लुकलुकणारे दिवे. मुलांना आवडतात पण म्हाताऱ्या डोळ्यात, विशेषतः मोतीबिंदू असेल तर, प्रकाश फाकतो आणि त्रास होतो, त्यामुळे स्थिर जळणारे, मंद दिवे बघा, आणि ते पण त्यांना हवे असतील तरच. तिसरं, आणि यावर मी अडूनच बसणार, वायरी आणि सामान जमिनीवर नको. पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं जातात आणि त्यात साठीच्या पुढची सगळ्यात जास्त असतात. दारापासून बाथरूमपर्यंतची वाट मोकळी, ट्री कोपऱ्यात, वायर भिंतीच्या कडेने चिकटवलेली, मुलांची दप्तरं आणि बूट रस्त्यात नाहीत. आजींना स्टुलावर चढून स्टार लावू द्यायचा नाही, मुलांनीही चढायचं नाही, त्यासाठी मिस्टरांना पाठवा, म्हणजे त्यांचीही ओळख होईल. आणि कुणाला सर्दी-खोकला-ताप असेल तर त्या दिवशी सुट्टी. मुलांचा फ्लू बहुधा आठवड्याभरात जातो, ६५ च्या पुढच्या माणसाला तोच हॉस्पिटलमध्ये नेऊ शकतो.

एक बारकी तक्रार तुम्ही लिहिली होती की आजी तेच तेच सांगतात आणि मित्रांपैकी एक जण कंटाळून यायचा थांबला. थांबू दे, त्याला जबरदस्ती करू नका. पण बाकीच्यांना एक युक्ती सांगते. माणसाला म्हातारपणी साधारण १० ते ३० या वयातलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात लख्ख आठवतं, मानसशास्त्रात हे बरंच अभ्यासलं गेलंय. त्यामुळे "तुमच्या वेळी नाताळ कसा असायचा" असा गोल प्रश्न विचारला की ठरलेलं गोल उत्तर येतं. त्याऐवजी खोक्यातली एक वस्तू हातात घ्यायची आणि त्याबद्दलच विचारायचं, ही कुणी आणली, ही एकच मेंढी काळी का आहे, तेव्हा तुम्ही केवढ्या होतात. धाकट्याने नकळत हेच केलं होतं त्या पंखाच्या वेळी! मोठीने विचारावं की तुम्ही माझ्याएवढ्या असताना काय करायचात, तिथून जे निघेल ते आजींनी बऱ्याच वर्षांत कुणाला सांगितलेलं नसेल. आणि तेच तेच सांगणं म्हणजे डोकं गेलं असं समजायचं कारण नाही, रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ मध्येच मांडलं होतं की म्हातारपणी जुन्या आठवणी परत परत काढणं हा आयुष्याचा हिशोब लावण्याचा एक स्वाभाविक भाग असतो. हां, पण मुलांची नावं अचानक विसरायला लागल्या, दिवस-वेळ चुकायला लागली, गॅस चालू राहिला, असं काही नवीन दिसलं तर मुलांनी तुम्हाला सांगायचं आणि तुम्ही त्यांच्या मुलाला. मुलांनी स्वतः काही निष्कर्ष काढायचे नाहीत.

यावरून मिस्टरांकडे येते. त्यांना खडूस ठरवू नका, त्यांचा प्रश्न बरोबर आहे, फक्त त्याचं उत्तर "जाऊ नका" हे नाहीये. मुलं कुणाच्याही घरी, म्हणजे कुणाच्याही, एकट्याने आणि आई-बापांना न कळता जाऊ नयेत, समोर प्रेमळ आजी असो की आजोबा. आधी तुम्ही दोघं आजींना भेटा. मुलांनी दोघं मिळून जायचं, बाहेरच्या खोलीत बसायचं, किती वाजता परत यायचं ते ठरलेलं. "हे आईला सांगू नका" असं कुणीही काहीही म्हटलं तर ते आईलाच सांगायचं, गंमतीत म्हटलं तरी. जवळ घेणं, पापा देणं हे मुलांना आवडत असेल तर ठीक, नाही तर नाही म्हणायची पूर्ण मुभा, आणि यात आजींचा अपमान होत नाही. मुलांनी औषधं काढून द्यायची नाहीत, त्यांच्या किल्ल्या, बँकेचं कार्ड, फोनचा पासवर्ड यातलं काही हातात घ्यायचं नाही, आजींनी दिलं तरी. आजी पडल्या तर उचलायला जायचं नाही, मोठ्या माणसाला बोलवायचं, हे एकदा मुलांकडून तोंडपाठ करून घ्या, हसतील पण करून घ्या.

आणि हे सगळं लिहिताना मला वाटतं की भीती तिकडूनही असेल. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला बेल वाजली की धडकी भरते. फसवणारे लोक असतात, त्यांच्याबद्दल रोज पेपरात येतं. चार पोरं अचानक दारात उभी राहिली तर कुणीही दार लावेल, त्या पहिल्या दिवसाचं तुमच्या मुलांनी मनाला लावून घ्यायची काहीच गरज नाही. आधी फोन करून जायचं, ठोकायची एक ठरलेली खूण ठेवायची. त्यांच्या मुलाचा नंबर आजींना विचारून घ्या आणि त्याला एकदा स्वतःची ओळख सांगा. लांब राहणाऱ्या मुलाला आईच्या घरात कुणीतरी अनोळखी माणसं रोज येतात असं उडत उडत कळलं तर तोही घाबरणारच.

पैशांची पाकिटं हा त्याच गोष्टीचा भाग आहे. रक्कम किती होती ते तुम्ही लिहिलं नाहीये. मोठी असेल तर तुम्ही स्वतः जाऊन परत करा, मुलांच्या हाती परत पाठवू नका, आणि मुलाशी ओळख झाली असेल तर त्याच्याही कानावर घाला, उद्या कुणी वेडंवाकडं बोलायला नको. छोटी असेल तर या वेळी ठेवा. पण परत करताना "आम्हाला काही नको हो" असं म्हणू नका, कारण त्याचा अर्थ होतो तुम्ही फक्त घ्यायचं. त्या आयुष्यभर कुणाला ना कुणाला काहीतरी देत आलेल्या असणार, आता देणं बंद झालंय, म्हणून त्या पाकिटं शोधतायत. त्यांच्याकडे मागा ना काहीतरी. पैसे सोडून. मोठीला क्रोशा शिकवा, धाकट्याला देवदूताचा पंख नीट चिकटवून दाखवा, एखादं जुनं नाताळचं गाणं शिकवा, पत्त्यांचा डाव शिकवा. आणि मागायचं तर खरंच हवं असेल तेच मागायचं, त्यांना बरं वाटावं म्हणून मागितलेलं त्यांना लगेच कळतं, सत्तर-पंच्याहत्तर वर्षं माणसं बघितलीयेत त्यांनी.

आता जानेवारी. सवय लावून सोडणं क्रूर आहे म्हणून आधीच कमी करायचं, म्हणजे पुढे तुटेल म्हणून आत्ताच तोडायचं, यात वाचतं कोण? मुलं कमी जाणार हे नक्की, आणि ते आजींनाही माहीत आहे, त्यांनी स्वतःचं मूल वाढवलंय, जानेवारीत परीक्षा असतात हे त्यांना कळत नाही असं कसं होईल. त्रास होतो तो कमी येण्याचा नाही. न सांगता थांबण्याचा होतो, संध्याकाळी दाराकडे कान लावून बसण्याचा होतो. म्हणून मुलांना आत्ता मोठमोठी आश्वासनं देऊ देऊ नका, "आजी आम्ही रोज येणार" हे मुलं मनापासून म्हणतात आणि मनापासूनच विसरतात. अगदी छोटं, पाळता येईल असं ठरवा. आठवड्यातला एक दिवस, अर्धा तास, आणि येणार नसू तर फोन. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर गावात ह्युमॅनिटास म्हणून वृद्धाश्रम आहे, तिथे काही कॉलेजची मुलं भाडं न देता राहतात, बदल्यात महिन्याचे ३० तास तिथल्या म्हाताऱ्यांचे चांगले शेजारी म्हणून वागायचं एवढंच. मला त्यातलं आवडतं ते हे की तासांचा आकडा ठरलेला आहे, कुणी कुणाचं आयुष्यभराचं नातवंड व्हायची शपथ घेत नाही. तुम्हाला ३० तास नकोत, महिन्याचे दोन-तीन तास पुष्कळ झाले. कधी मुलं नाहीच गेली तर मोठी दोन ओळी लिहून दाराखालून सरकवू शकते, ती वाट तर त्यांनीच काढलीय.

आणि ताई, राग मानू नका, पण तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं शेजारी राहताय आणि आजींशी बोलणं म्हणजे जिन्यात "कशा आहात, बऱ्या ना" एवढंच. मग सगळा संबंध टिकवायची जबाबदारी नऊ आणि तेरा वर्षांच्या मुलांवर का? मुलं विसरतील ही भीती तेवढ्यापुरतीच खरी आहे जेवढा हा संबंध फक्त मुलांचा आहे. तुम्ही बाजारातून येताना काही आणायचंय का विचारलंत, मिस्टरांनी बल्ब बदलून दिला, कधी तुम्हीच कंटाळा आला म्हणून जाऊन बसलात, तर मुलांची परीक्षा आली काय आणि गेली काय. ज्यांच्या घरी मुलं नाहीत पण शेजारी असं कुणी आहे त्यांनाही हेच सांगेन, शाळेच्या प्रोजेक्टची वाट बघू नका, विचारायला काही लागत नाही, आणि समोरून "नको" आलं तर हसून परत फिरायचं, पुन्हा कधीतरी विचारायचं. त्यांच्याशी सूर जुळेलच असंही नाही, काही म्हाताऱ्या बायका भयंकर खवचट असतात, तरुणपणीही तशाच असतील. तेव्हा फक्त दिवा लागला का, पेपर आत घेतला का एवढं लक्ष ठेवलं तरी ते शेजारीपणच झालं.

राहता राहिला तो व्हिडिओ. तुमच्या पत्रात तो ओझरता आलाय, मुलांनी खोका उघडतानाचं शूटिंग केलंय, त्यात आजी डोळे पुसताना दिसतात आणि वर्गात तो "खूप भारी" वाटेल असं मोठी म्हणाली. आजींना माहीत आहे का की हे शूट होतंय आणि चाळीस मुलांपुढे दाखवलं जाणार आहे? माहीत नसेल तर आजच्या आज त्यांना दाखवा, मोठ्या स्क्रीनवर, चष्मा लावून, आणि सरळ विचारा चालेल का. मोठीनेच विचारू दे. त्यांनी हो म्हटलं तर कुठे कुठे जाणार तेही सांगा, शाळेत दाखवणं वेगळं आणि ग्रुपवर फिरणं वेगळं. नाही म्हणाल्या तर तिथेच, त्यांच्यासमोर डिलीट करायचा, मुलांच्या मित्रांच्या फोनमध्ये गेला असेल तर तिथूनही. प्रोजेक्टला मग खोक्यातल्या वस्तूंची चित्रं काढून प्रत्येकीखाली दोन ओळी लिहून द्या, काळ्या मेंढीसकट, अर्थात तेही आजींना विचारूनच. बाईंना व्हिडिओच हवा असेल आणि मार्क कापले, तर कापू देत.